'पगार'च्या पोटातला यू : स्पॅनिश आज्ञार्थाची पार्श्वभूमी

बेळगाव, खानापूर, निपाणीकडे मराठीत विचारा नाहीतर कन्नडात, महिनाअखेरीला येतो तो 'पगार'च. शब्द पोर्तुगीजांचा, स्पॅनिशमध्येही 'पगार' म्हणजे पैसे देणे. मित्राला सांगायचं तर 'पागा', वडीलधाऱ्यांना 'पागे'. बोलायला सोपं, पण 'पागे' लिहिताना जी आणि ई ('ए' स्वराचं अक्षर) यांच्यामध्ये एक यू बसवावा लागतो. तो उच्चारायचा नाही, नुसता राखणदार. त्याला वगळलंत तर वाचणारा 'पाखे' वाचतो.

याचं मूळ लॅटिनमध्ये. तिथे सी म्हणजे सगळीकडे 'क', जी म्हणजे 'ग'. पुढे ए-इ आले की ही व्यंजनं हळूहळू मऊ झाली. 'प्लिकारे'पासून 'येगार' (पोहोचणे) झालं, तेव्हा नियमाने आज्ञार्थातही मऊ आवाज यायला हवा होता. लोकांनी तो येऊ दिला नाही. बाकीच्या रूपांतला 'ग' ओढून आणून 'येगे' केलं. 'देसिर' (सांगणे) मात्र तसंच राहिलं: 'दीसे', पण आज्ञेत 'दीगा'. म्हणजे 'येगे'मध्ये आवाज सारखा राखला आणि भुर्दंड लेखनावर पडला. 'बुस्कार' (शोधणे) याचं 'बुस्के' करताना सीच्या जागी क्यू-यू येतात, तेही त्यामुळेच.

आपल्याकडे नेमकं उलटं. 'माझा' आणि 'माझी' यांत अक्षर एकच, आवाज दोन.

हा फरक जिभेवर असलेल्याला झेडची गोष्ट लवकर कळते. मध्ययुगीन स्पॅनिशमध्ये शेपटीवाला सी 'चमचा'तल्या च सारखा होता आणि झेड 'जागा'तल्या ज सारखा. सोळाव्या-सतराव्या शतकात दोन्ही आवाज एकत्र मिसळले. 1713 मध्ये स्थापन झालेल्या स्पॅनिश अकादमीने 1726 पासूनच्या आपल्या शब्दकोशात शेपटीला रजा दिली: आ-ओ-उ यांच्या आधी झेड, ए-इ यांच्या आधी साधा सी. म्हणून 'एम्पेसार' (सुरू करणे) झेडने लिहायचं आणि त्याची आज्ञा 'एम्प्येसे' सीने. घाटाखाली गोव्यात 1961 पर्यंत राज्य केलेल्या पोर्तुगीजांच्या भाषेत ती शेपटी अजून आहे.

आता बदल कुठे करायचा ते. आदरार्थी 'उस्तेद' हा 'वुएस्त्रा मेर्सेद', म्हणजे 'आपली कृपा', याचा झिजून उरलेला तुकडा. त्यामुळे आज्ञा तृतीयपुरुषी, आपल्या 'साहेबांनी बसावं' या धाटणीची. आर-क्रियापदांत, म्हणजे 'पगार'सारख्या 'आर'ने संपणाऱ्यांत, त्या रूपाचा शेवट 'ए' स्वराने, आणि अक्षर बदलायला लावतो तो हा ए. नकार दिला की मित्रालाही तेच रूप: 'नो पागेस', 'नो बुस्केस'. होकारार्थी 'पागा', 'बुस्का' यांना हात लावायचा नाही. नवशिके तिथेही यू कोंबतात.

इर-क्रियापदांत शेवट आ होतो, म्हणून गाडी उलटी धावते. 'सेगिर'मध्ये (पुढे चालू ठेवणे) यू आधीपासून आहे, 'सीगा'त तो गळतो. 'एस्कोखेर' (निवडणे) या एर-क्रियापदातही तसंच: जी जाऊन जे येतो, 'एस्कोखा'. 'आवेरिग्वार'मध्ये (छडा लावणे) यूचा आवाज ऐकू यायला हवा, म्हणून आज्ञेत त्याच्यावर दोन टिंबं. आणि 'बुस्केलो' (ते शोधा) असं सर्वनाम चिकटवलं की पहिल्या यूवर आघातचिन्ह द्यायला विसरू नये.

सगळ्यात चिवट चूक झेडची. लॅटिन अमेरिकेत एस, झेड आणि ए-इ यांच्या आधीचा सी या तिघांचा आवाज एकच, त्यामुळे 'एम्प्येसे' झेडने लिहिणारे तिथल्या मातृभाषिकांतही भेटतात.