‘सिव्हिल’ या विशेषणाची पार्श्वभूमी

वडोदऱ्याच्या मराठी घरांत वाटणीचा वाद कोर्टात गेला की तो ‘दिवाणीत गेला’ असे म्हणतात. ‘मुलाने सिव्हिल घेतले’ असे सांगितले तर अभियांत्रिकीची शाखा समजायची. दोन्हींसाठी इंग्रजीत विशेषण एकच, ‘सिव्हिल’. लॅटिनमध्ये ‘किव्हिस’ म्हणजे नागरिक, त्यावरून ‘किव्हिलिस’, आणि फ्रेंचमार्गे हे विशेषण चौदाव्या शतकात इंग्रजीत आले.

नागरिकासंबंधीचे म्हणजे नेमके कोणते, हे त्याच्याविरुद्ध काय उभे आहे त्यावरून ठरत गेले. एडिस्टनचे दीपगृह बांधणारे जॉन स्मीटन अठराव्या शतकात स्वतःला ‘सिव्हिल इंजिनिअर’ म्हणवीत, ते आपले काम लष्करी अभियंत्यांच्या कामाहून निराळे आहे हे दाखवण्यासाठी. मराठीतल्या ‘स्थापत्य’ या प्रतिशब्दात हा भेद उरलेला नाही.

इतरत्र मात्र मराठीने तो फार नेमका टिपला आहे. फौजदारीच्या विरुद्ध ते दिवाणी, लष्करीच्या विरुद्ध ते मुलकी. मोगल अमदानीत दिवाण महसूल पाही. 1765 मध्ये ईस्ट इंडिया कंपनीला बंगालची दिवाणी मिळाली, तेव्हा महसुलाबरोबर मालमत्तेच्या दाव्यांचा न्यायनिवाडाही तिच्याकडे आला, आणि ‘दिवाणी अदालत’ रूढ झाली. ‘मुलकी’ हा अरबी ‘मुल्क’वरून आलेला.

वडोदरा संस्थानात अशा शब्दांचा विचार गांभीर्याने झाला, हे मला विशेष मोलाचे वाटते. सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत, 1931 मध्ये ‘श्रीसयाजी शासन शब्द कल्पतरु’ प्रसिद्ध झाला. त्यात कारभारातील इंग्रजी शब्दांना गुजराती, मराठी, संस्कृत, फारसी, हिंदी आदी भाषांतील प्रतिशब्द शेजारीशेजारी दिले आहेत. ज्या राज्यात गुजराती प्रजा, मराठी राजघराणे आणि फारसी वळणाची दप्तरे एकत्र नांदत होती, तेथे हे काम निकडीचेच होते.

सोळाव्या शतकापासून इंग्रजीत या शब्दाला ‘सभ्य’ हा अर्थही चिकटला. ‘सिव्हिल डिसओबीडियन्स’ म्हणताना गांधीजींनी त्यावरच भर दिला. कायदा मोडायचा, पण द्वेष आणि हिंसा टाळून, शिक्षा पत्करून. म्हणून 1930 ची चळवळ मराठीत ‘सविनय कायदेभंग’ झाली. एवढा नेटका प्रतिशब्द क्वचितच सापडतो.

अलीकडे मात्र सरसकट ‘नागरी’ वापरण्याकडे कल आहे. ‘मुलकी सेवा’ जाऊन ‘नागरी सेवा’ आली. राज्यघटनेच्या अनुच्छेद 44 मधील संहितेलाही आपण ‘समान नागरी कायदा’ म्हणतो. पण तिच्या कक्षेत येणारे वारसा आणि दत्तकाचे वाद कोर्टात ‘दिवाणी’च असतात.