शंभर पावलांवर एक शून्य

शंभर पावलं चालायला किती वेळ लागतो, हे मी परवा घड्याळ लावून पाहिलं. रात्रीचं जेवण झालं होतं, पाऊस जरा थांबला होता. सोसायटीच्या गेटपासून पाण्याच्या टाकीकडे रमतगमत निघालो. शंभर पावलं भरली तेव्हा एक मिनिट आणि वर काही सेकंद झाले होते. म्हणजे ‘शतपावली’ हा शब्द अक्षरशः पाळायचा ठरवला, तर चहाला उकळी फुटायच्या आत ती आटोपते.

कल्पना फार जुनी आहे. जेवणानंतर काय करावं याचा क्रमच सुश्रुतसंहितेत दिलाय: जेवणाची सुस्ती उतरेपर्यंत आधी राजासारखं बसावं, मग शंभर पावलं चालावं, मग डाव्या कुशीवर आडवं व्हावं. ही डावी कूस म्हणजे आपली वामकुक्षी. मराठी घरांनी यातलं राजासारखं बसणं आणि वामकुक्षी अगदी मनोभावे सांभाळली. मधली शंभर पावलं मात्र टीव्ही आणि सोफा यांच्या मध्ये कुठेतरी हरवली.

ग्लुकोमीटर हाती आल्यावर या मधल्या पावलांकडे संशोधकांचं नव्याने लक्ष गेलं, आणि त्यांत खरंच तथ्य निघालं. म्हणून लगेच ‘पूर्वजांना सगळं ठाऊक होतं’ असा फॉरवर्ड पाठवायची घाई नको. जुन्या वैद्यांनी जेवल्यावर चालणाऱ्या माणसाला बरं वाटतं हे पाहिलं असेल. ते का, आणि नेमकं किती चाललं की, हे कळायला रक्तातली साखर मोजता यावी लागली.

त्या साखरेचा हिशोब एकदा मांडून बघण्यासारखा आहे. मोठ्या माणसाच्या अंगात साधारण ५ लिटर रक्त. निरोगी माणसाची उपाशीपोटी साखर दर १०० मिलिलिटरला ९० मिलिग्रॅमच्या आसपास. गुणाकार केला की उत्तर येतं साडेचार ग्रॅम. सगळ्या रक्तात मिळून चहाचा एक चमचा साखर, बस्स. आता समोरचं ताट बघा. दोन पोळ्या, वाटीभर भात, वरण, बटाट्याची भाजी. यातली पिष्टमय पदार्थांची बेरीज सहज ८० ग्रॅमच्या पुढे जाते, आणि पुढच्या दोन-तीन तासांत त्यातल्या बहुतेकाची साखर होऊन ती रक्तात उतरते. जिथे एका चमच्याची जागा, तिथे सतरा-अठरा चमचे दारात उभे! गोड खाल्लं नाही तरी हे होतंच, त्याला बासुंदी लागत नाही.

एवढी साखर शरीर ठेवतं कुठे? थोडी यकृतात, १०० ग्रॅमच्या आसपास. खरं मोठं कोठार म्हणजे स्नायू. त्यांत ४०० ग्रॅमपर्यंत मावते. या कोठाराची दारं म्हणजे ‘ग्लुट-४’ नावाची प्रथिनं. एरवी ती स्नायूपेशीच्या आत बारीक बारीक पिशव्यांत पडून असतात. इन्सुलिनचा निरोप आला की पेशीच्या आवरणापाशी येतात आणि साखर आत घेतात. टाइप २ मधुमेहात निरोप येतो, पण पेशी त्याला दाद देत नाही. मग स्वादुपिंड अधिक जोरात हाका मारतं, म्हणजे अधिक इन्सुलिन सोडतं, आणि वर्षानुवर्षं असं करून शेवटी थकतं.

पण या दारांना दुसरी एक कळ आहे. स्नायू आकुंचन पावला की पेशीतल्या कॅल्शियमची आणि ऊर्जेची पातळी बदलते, आणि त्या खुणेवरच ग्लुट-४ आवरणापाशी येतं. इन्सुलिनच्या निरोपाची वाट बघत नाही. शिवाय ज्यांच्या पेशी इन्सुलिनला जुमानत नाहीत, त्यांच्यातही ही दुसरी कळ बरीचशी शाबूत असते. सगळ्या विषयातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट हीच आहे. चालताना मांड्या, पोटऱ्या, कुल्हे असे शरीरातले सर्वांत मोठे स्नायू कामाला लागतात. म्हणजे कोठाराची सगळ्यात रुंद दारं उघडतात, तीही ऐन माल येण्याच्या वेळेला.

वेळ इथे फार महत्त्वाची आहे. न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये टाइप २ मधुमेहाच्या ४१ जणांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही दिवस त्यांना रोज अर्धा तास, सोयीच्या कुठल्याही वेळी चालायला सांगितलं. नंतर तेवढंच चालणं तीन तुकड्यांत: प्रत्येक मुख्य जेवणानंतर १० मिनिटं. माणसं तीच, रोजची मिनिटं तेवढीच. तरी जेवणानंतर चालल्यावर जेवणोत्तर साखरेची चढण सरासरी १२ टक्क्यांनी कमी भरली, आणि रात्रीच्या जेवणानंतर तर २२ टक्क्यांनी. कारण उघड होतं. रात्रीच्या जेवणात पिष्टमय पदार्थ सर्वांत जास्त, आणि त्यानंतरचे तास सर्वांत बैठे. हे वाचताना मला न्यूझीलंड दिसेना, आपलंच साडेनवाचं घर दिसायला लागलं.

तेव्हा शंभर पावलांवर एक शून्य चढवायला हवं. १० मिनिटं म्हणजे साधारण हजार पावलं. दहा हजारांचा धसका घ्यायचं कारण नाही. तो आकडा मुळात प्रयोगशाळेतून आलेला नाही. १९६५ साली जपानमध्ये पावलं मोजणारं एक यंत्र विकायला आलं, त्याचं नाव ‘मानपोकेई’, म्हणजे दहा हजार पावलांचं मापक. आकडा गोल होता, लक्षात राहिला, आणि आज तो आपल्या मनगटावर बसून आपल्याला रागावतो.

रस्त्यावर उतरणं जमलंच पाहिजे असंही नाही. पावसाळ्यात, कुत्र्यांच्या टोळ्यांपुढे किंवा नसलेल्या फुटपाथवर कोण चालणार? गॅलरी दहा पावलांची असेल तर पन्नास वेळा जा-ये केली की झाले हजार. चाळीचा व्हरांडा तर यासाठी आदर्शच. वेगही साधा पुरतो. घाम यायची, धाप लागायची गरज नाही, शेजारच्याशी गप्पा मारता आल्या पाहिजेत. जेवल्यावर अर्ध्या तासाच्या आत निघालेलं बरं, कारण साखर तेव्हाच चढत असते. म्हणजे राजासारखं बसण्याचा काळ थोडा आखडता घ्यावा लागणार.

आणखी एक स्वस्त उपाय घरातच असतो, पण त्याचं नाव काढलं की पुरुषमंडळींचा चेहरा पडतो. ताटं उचलणं, उरलेलं काढून ठेवणं, ओटा पुसणं, झाकपाक करणं. नुसतं उभं राहण्यापेक्षा दोन-पाच मिनिटं हळूहळू चालण्याने जेवणोत्तर साखर अधिक उतरते, असं अनेक लहान प्रयोग एकत्र तपासल्यावर दिसलं आहे. आवराआवरीत दोन्ही येतं. बहुतेक घरांत ही शतपावली बाई करते, आणि डॉक्टरांनी ‘चाला’ म्हणून बजावलेला गृहस्थ रिमोट शोधत असतो. कामाची वाटणी बदलली तर औषध योग्य माणसाच्या पोटात जाईल.

आपल्याकडे याची निकड जास्त का, याचा एक धागा पुण्यात सापडतो. केईएम रुग्णालयातले मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचं एक छायाचित्र २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. दोघांची उंची-वजनाची पट्टी, म्हणजे बीएमआय, अगदी सारखी: २२.३. पण चरबी मोजली तर युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२ टक्के. दिसायला सडपातळ, आतून चरबीदार, ही भारतीय ठेवण त्या एका फोटोने जगापुढे आणली. वजनाचा काटा ठीक दाखवत असेल आणि चरबी जास्त असेल, तर कमी काय असणार? स्नायू. म्हणजे कोठारच मुळात लहान. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) देशव्यापी पाहणीचा अंदाज आहे की भारतात १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे आणि १३.६ कोटी लोक त्याच्या उंबरठ्यावर. ‘मी काही जाड नाही’ हा दिलासा म्हणूनच आपल्याकडे फारसा कामाचा नाही.

खात्री करायची असेल तर घरच्या घरी करता येते. ग्लुकोमीटर असला तर दोन दिवस अगदी तेच, तेवढंच जेवण घ्या. एक दिवस जेवून बसून राहा, दुसऱ्या दिवशी दहा-पंधरा मिनिटं चाला. दोन्ही दिवशी जेवण सुरू केल्यापासून एका तासाने बोट टोचा. एका आकड्यावरून निष्कर्ष काढू नये हे खरंच, पण स्वतःच्या रक्ताचा आकडा बघितलेला माणूस दुसऱ्या दिवशी चपला शोधतो, हा माझ्या घरातला अनुभव.

काही जणांनी मात्र आधी डॉक्टरांना विचारावं. इन्सुलिन घेणाऱ्यांची किंवा काही विशिष्ट गोळ्या चालू असलेल्यांची साखर चालल्याने एकदम खाली येऊ शकते. त्यांनी खिशात खडीसाखर ठेवावी. जेवून चालताना छातीत दडपतं, जबड्यात किंवा हातात कळ येते, असं होत असेल तर ते पित्त समजून सोडा पिऊ नये. थांबावं आणि तपासून घ्यावं. चालू असलेलं औषध शतपावलीच्या भरवशावर कुणीही बंद करू नये.

आणि वामकुक्षी? तिच्यातही अर्थ आहे. अन्ननलिका आणि जठर जिथे जुळतात तो सांधा डाव्या कुशीवर झोपलं की जठरातल्या आम्लाच्या वर राहतो, उजव्या कुशीवर तो खाली जातो आणि आम्ल उलटं चढतं. ज्यांना रात्री घशाशी जळजळतं, त्यांना कूस बदलून फरक पडतो, हे आम्ल मोजून पाहिलेलं आहे. फक्त रात्रीच्या जेवणानंतर आडवं व्हायला दोन-तीन तास जाऊ द्यावेत. साडेनऊला ताट हातावेगळं केलं तर झोपायला साडेअकरा-बारा होतात. त्यापेक्षा जेवणच आठला उरकलेलं बरं.