बेळगावचा स्वतंत्र पॉप गायक: मागची दीडशे वर्षं

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात स्वतःच गाणं लिहायचं, स्वतःच चाल लावायची आणि घरच्या खोलीत रेकॉर्ड करून यूट्यूब-स्पॉटिफायवर सोडायचं, असं करणारी पोरं-पोरी आता नवलाईची राहिलेली नाहीत. वय विशी-पंचविशीचं. पाठीशी कंपनी नाही, सिनेमा नाही. बेळगावच्या विणकर वस्तीतला, वडगाव-खासबागेकडचा असेल तर शेजारचे माग थांबल्यावर रात्री गाणं टिपायचं, कारण दिवसा माइकमध्ये आवाजाच्या आधी खडखडाट जातो. त्यांच्याविषयी बोलताना सगळं श्रेय मोबाइलला देऊन मोकळं व्हायची सवय आहे. मोबाइलमुळे वाट मोकळी झाली हे खरंच. पण या वाटेवरून जे गाणं चालत आलंय ते जुनं आहे, आणि वाटेतला खड्डाही जुनाच. इथला सूर एका भाषेचा कधीच नव्हता. गाण्याचा बाजार मात्र भाषेप्रमाणे वाटला गेला.

सुरुवात मराठी माणसाच्या अगदी जिव्हाळ्याच्या जागेपासून करायला हवी. संगीत नाटक म्हटलं की पुणं आठवतं, आणि ३१ ऑक्टोबर १८८० रोजी ‘शाकुंतल’चा पहिला प्रयोग झाला तोही पुण्यातच. पण ते उभं करणारे अण्णासाहेब किर्लोस्कर सौंदत्ती तालुक्यातल्या गुर्लहोसूरचे. जन्म १८४३चा. त्याच वर्षी सांगलीत विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केलं, आणि तेही कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ बघून. अण्णासाहेबांनी पदं रचताना कानडी चाली मोकळ्या हाताने घेतल्या. त्यांना त्यात काही उसनवारी वाटली असेल असं मला वाटत नाही. लहानपणापासून कानावर पडलेली चाल माणूस आपलीच समजतो. पुण्या-मुंबईच्या रसिकांनी ज्या चालींना अस्सल मराठी म्हणून डोक्यावर घेतलं, त्यातल्या कित्येक मलप्रभेच्या काठावरून आलेल्या होत्या.

नाटकाच्या खाली लोकगाण्याचा थर होता, आणि तो तर आणखीच मिसळलेला. सौंदत्तीच्या यल्लम्माच्या डोंगरावर पौर्णिमेला कोल्हापूर, सांगली, कोकणातून माणूस येतो आणि विजापूर-धारवाडातूनही. देवीच्या जोगत्यांच्या हातातलं चौंडकं हे वाद्य एकच. त्यावरचं गाणं कधी कानडी, कधी मराठी. गोकाककडच्या कुलगोड तम्मण्णांच्या नावावर असलेलं ‘श्रीकृष्ण पारिजात’ हा कानडी लोकनाट्याचा प्रकार, आणि त्यात कौजलगी निंगम्मांसारख्या गायिका-नटीने आख्खा मुलूख गाजवला. एक बाई रात्रभर गाऊन स्वतःच्या जोरावर हजारोंचा जमाव धरून ठेवते. आजच्या भाषेत तिला स्वतंत्र कलाकारच म्हणावं लागेल.

१९२४ हे साल इथे वेगळं काढून बघण्यासारखं आहे. एप्रिलच्या ८ तारखेला बेळगावजवळच्या सुळेभावीत शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकलीमठ जन्मले, म्हणजे आपले कुमार गंधर्व. त्याच वर्षी डिसेंबरात बेळगावात काँग्रेसचं अधिवेशन भरलं. गांधीजी अध्यक्ष झाले ते हे एकच अधिवेशन. तिथे अकरा-बारा वर्षांच्या गंगूबाई हनगल यांनी स्वागतगीत गायलं, आणि हुयिलगोळ नारायणरावांचं कर्नाटक एकीकरणाचं गाणंही तिथेच घुमलं. पुढे ज्या प्रश्नावरून हे शहर कायमचं ताणलं गेलं, त्याचा एक सूर त्या मांडवातच लागला होता. तेव्हा मात्र मराठी आणि कानडी श्रोते एकाच मांडवात बसले होते.

कुमारांची पुढची वाट सगळ्यांना माहीत आहे: मुंबईत देवधर मास्तरांकडे शिक्षण, मग क्षयाच्या आजारामुळे माळव्यात, देवासला मुक्काम. तिथल्या लोकगीतांनी त्यांचं गाणं बदललं. सौंदत्तीच्या वाटेवरच्या गाण्यांना तसा योग आला नाही, याची चुटपुट मला नेहमी लागते. इथेच राहिलेल्यांमध्ये मोठं नाव पेटीवाल्या रामभाऊ विजापुऱ्यांचं. अथणीकडच्या कागवाडात १९१७ साली जन्म, आणि २०१० साली जाईपर्यंत जवळजवळ सगळं आयुष्य बेळगावात शिकवण्यात गेलं. त्यांच्या क्लासात मराठी घरांतली मुलं येत तशी कानडी घरांतलीही. कुमारांच्या जन्मगावाचा अभिमान सगळे सांगतात, पण आजच्या पोरांच्या हाताला वळण लागलं ते अशा राहिलेल्या मास्तरांकडून. कीबोर्डवर चटकन सूर सापडणाऱ्या मुलाला जरा खोदून विचारा, लहानपणी पेटीचा क्लास निघतोच. आजोबांनी जबरदस्तीने पाठवलेला.

गिटारचा रस्ता वेगळा, तो कॅम्पातून येतो. छावणीमुळे आलेली चर्चं, १८५६ सालचं सेंट पॉल्स हायस्कूल, गोव्याकडून येऊन राहिलेली ख्रिस्ती कुटुंबं, मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्रातला बँड. या सगळ्यांमुळे पाश्चात्त्य वाद्यांचा कान बेळगावला जिल्ह्याच्या इतर गावांच्या आधी आला. मग मेडिकल आणि इंजिनिअरिंगची कॉलेजं वाढली, १९९८ पासून तंत्रशिक्षणाचं विद्यापीठही इथेच आलं, आणि गॅदरिंगच्या स्टेजवर हुबळी, पणजी, कोल्हापूरची पोरं एकत्र वाजवायला लागली. अशा बँडचं आयुष्य डिग्रीएवढंच. शेवटची परीक्षा झाली की ड्रमर बंगळूरला, बेसवाला पुण्याला. मागे राहतो तो ज्याच्या घरचं दुकान आहे तो.

आता खड्ड्याकडे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेलं. त्यावर आजवर जे राजकारण झालं ते इथे पुन्हा सांगायची गरज नाही. महाराष्ट्राचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. गाणाऱ्यावर त्याचा झालेला परिणाम मात्र फारसा कुणी मांडत नाही. त्या काळात गायकाचं करिअर म्हणजे आकाशवाणीची ऑडिशन, नाटक मंडळी, सिनेमा आणि ध्वनिमुद्रिका. आकाशवाणीचं धारवाड केंद्र १९५० साली सुरू झालं, सांगलीचं १९६३ साली, आणि बेळगाव बरोबर दोहोंच्या मध्ये. मराठी भावगीत गायचं तर सांगली, कानडी गायचं तर धारवाड. कानडी सिनेमाचा कारभार बंगळूरला, मराठीचा आधी कोल्हापूरला आणि मग मुंबईला. कोल्हापूर शंभरेक किलोमीटरवर. तिथला चित्रपट धंदा जोरात होता तोवर इथल्या वादकाला सकाळी जाऊन रात्री परत येण्याजोगं काम होतं. धंदा मुंबईला सरकला आणि तेही गेलं. मुंबईला बेळगावचा गायक परराज्यातला, बंगळूरला तो मराठी. बेळगावात बसून दोन्हीकडे पोचणारी एकही संस्था उरली नाही.

उरलं ते प्रसंगाचं गाणं: गणेशोत्सवाची ऑर्केस्ट्रा, लग्नाची वरात, वडगावच्या मंगाईची जत्रा, शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक. सीमाभागातल्या पोरांचं खरं शिक्षण इथे झालं. एका रात्रीत हिंदी फिल्मी गाणं, कोळीगीत, कानडी जानपद म्हणजे लोकगीत आणि पोवाडा असं सगळं वाजवायचं, आणि समोरचा जमाव थंड पडला की दोन कडव्यांत ओळखून गाणं बदलायचं. कुठल्याही विद्यापीठात हे शिकवत नाहीत. दुर्गुणही तिथलाच लागला. नवीन गाणं सुरू केलं की मागून फर्माईश येते ती ओळखीच्या गाण्याची, त्यामुळे स्वतःचं गाणं वहीतच राहतं. रात्री दहानंतर लाऊडस्पीकर बंद ठेवण्याचा नियम २००० साली आला आणि कार्यक्रमांचे तासही आखडले.

वहीतलं गाणं बाहेर पडायला २०१६ साल उजाडावं लागलं. सप्टेंबरात जिओ आलं, डेटा स्वस्त झाला आणि खेड्यातल्या माणसाने पहिल्यांदा मनसोक्त यूट्यूब बघितलं. स्पॉटिफाय भारतात २०१९च्या फेब्रुवारीत आलं. २९ जून २०२० रोजी टिकटॉकवर बंदी आली, खेड्यापाड्यातल्या नाचगाण्याचा मोठा फड एका रात्रीत मोडला, आणि लगोलग तो रील्सवर पुन्हा बसला. या नव्या बाजाराचा फायदा आमच्या जिल्ह्यात आधी कुणी उचलला असेल तर कानडी जानपदवाल्यांनी. रायबाग तालुक्यातल्या निपनाळचा माळू निपनाळ याचं ड्रायव्हर आणि त्याच्या प्रेयसीवरचं गाणं कोट्यवधी वेळा बघितलं गेलं आणि तो पुढे कन्नड बिग बॉसपर्यंत पोचला. बंगळूरच्या सिनेमावाल्यांना न विचारता, उत्तर कर्नाटकाच्या रांगड्या बोलीतच. मराठीत असंच काहीसं २०२४ साली जळगाव जिल्ह्यातल्या संजू राठोडने ‘गुलाबी साडी’ने करून दाखवलं. मुंबईची मोठी फिल्म किंवा जुनं घराणं मागे नसताना मराठी पॉप गाणं देशभर वाजू शकतं, हे त्यानंतर कुणाला पटवून द्यावं लागत नाही.

मग बेळगावच्या मराठी पोराचं अडतं कुठे? गाणं प्लॅटफॉर्मवर चढवताना वितरक कंपनीचा एक फॉर्म भरावा लागतो. त्यात गाण्याची भाषा कोणती, हा रकाना असतो आणि उत्तर एकच द्यावं लागतं. ध्रुवपद मराठी, कडव्यात कानडी ओळी आणि मधे बेळगावी बोलीतला संवाद असं गाणं इथल्या कानाला अगदी साधं वाटतं. त्या रकान्यात ते मावत नाही. मराठी लिहिलं की ते पुण्या-मुंबईच्या गाण्यांच्या यादीत जातं, तिथे कानडी ओळ कानाला खटकते. कन्नड लिहिलं की उलटं. सांगली की धारवाड हा जुनाच सवाल, आता फॉर्मात छापून आला आहे. त्यात इथे भाषा नुसती भाषा राहत नाही. १ नोव्हेंबरला एकीकडे कर्नाटक राज्योत्सवाची दणदणीत मिरवणूक निघते आणि एकीकडे मराठी माणसांचा काळा दिन पाळला जातो. त्या आठवड्यात कुठल्याही भाषेतलं साधं प्रेमगीत टाकलं तरी खाली भांडण लागतं. काहीजण त्या दिवसांत गाणं टाकतच नाहीत, आणि त्यांचं काही चुकतं असं वाटत नाही.

पैशाची बाजू थोडक्यात. स्पॉटिफायवर २०२४ पासून गेल्या बारा महिन्यांत हजार वेळा तरी वाजल्याशिवाय गाण्याला मानधनच सुरू होत नाही. यूट्यूबची रक्कम बघणारा कुठल्या देशातला आहे त्यावर हलते, आणि आपला श्रोता भारतातला, म्हणजे कमी दराचा. गीतकार-संगीतकाराला रॉयल्टीचा न सोडता येणारा हक्क कॉपीराइट कायद्याच्या २०१२च्या दुरुस्तीने दिला, ती गोळा करणारी आयपीआरएस ही संस्था १९६९ पासून आहे. पण स्वतः लिहून स्वतः चाल लावणाऱ्या पोराने तिथे सभासद व्हायचं असतं, हे त्याला बहुधा एखादं गाणं हातचं गेल्यावर कळतं. सोपा करार वाचून न बघता सही करण्याची खोड तर नाटक मंडळींच्या काळापासूनची.

म्हणून प्रत्यक्षात करिअर असं चालतं: आठवड्याला क्लास, लग्नसराईत हळदीचे कार्यक्रम, दुसऱ्यांच्या गाण्यांचं मिक्सिंग, आणि श्रावणातच गणपतीचं एक गाणं तयार ठेवायचं, कारण भाद्रपदात मंडळं तेच वाजवतात आणि पुढच्या वर्षीही वाजवतात. मंडळांच्या निमित्ताने केलेली ही गाणी अनेकदा त्यांच्या ‘खऱ्या’ गाण्यांपेक्षा सरस असतात. जमाव ओळखण्याचं ते जुनं शिक्षण तिथे उपयोगी पडतं. रेकॉर्डिंगसाठी आता कुणाला गाव सोडावं लागत नाही. तिकीट लावून स्वतःचीच गाणी ऐकवायची असतील तर मात्र पुणं साडेतीनशे किलोमीटर, बंगळूर पाचशे. गोवा सर्वांत जवळ, पण तिथल्या हॉटेलांना हवी असतात इंग्रजी-हिंदी गाणी. बेळगावात नाट्यगृहं आहेत, सरस्वती वाचनालयासारख्या संस्था शास्त्रीय मैफली नेटाने करतात, आणि कडोली-येळ्ळूरसारख्या गावांत दरवर्षी मराठी साहित्य संमेलनं भरतात. त्या संमेलनांच्या कार्यक्रमपत्रिकेत कविसंमेलन असतं, कथाकथन असतं. गावातल्याच पोराने गिटार घेऊन स्वतःची चार गाणी म्हणावीत यासाठी अर्धा तास काढायला फार खर्च येणार नाही. मंडप, माइक आणि माणसं तिथे आधीच जमलेली असतात.