सफोकचा किनारा, वरून पाहिलेला

इंग्लंडच्या पूर्वेला सफोकच्या किनाऱ्यावर आजही काँक्रीटचे मोठे चौकोनी ठोकळे वाळूत रुतलेले दिसतात. मधूनच एखादा पिलबॉक्स लागतो, म्हणजे बंदुकीसाठी भिंतींत फटी ठेवलेली बुटकी, जाड खोली. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांना थोपवायला एवढंच केलं होतं की काय, असं वाटून जातं. पण काँक्रीट उरलं ते टिकाऊ म्हणून. बाकीचा बराचसा बंदोबस्त काटेरी तारा, भूसुरुंग आणि लोखंडी नळ्यांच्या अडथळ्यांचा होता, आणि युद्ध संपताच तो उचलला गेला. तो नेमका कुठवर पसरला होता, हे जुन्या हवाई फोटोंइतकं दुसरं काहीच दाखवत नाही.

जून 1940 च्या सुरुवातीला फ्रान्समधल्या डंकर्क बंदरातून ब्रिटन आणि मित्रदेशांच्या फौजांची माघार संपली. 3 लाख 38 हजारांवर सैनिक सुटले, पण रणगाडे, तोफा, ट्रक बहुतेक फ्रान्समध्येच राहिले. मायदेशाच्या संरक्षणाची सूत्रं नुकतीच जनरल आयर्नसाइड यांच्याकडे आली होती. हाताशी माणसं होती, सामान नव्हतं. म्हणून किनाऱ्यावर शत्रूला खोळंबवायचं आणि आतल्या भागात अडथळ्यांच्या रांगा उभारायच्या, असं ठरलं. जुन्या युद्धनौकांच्या तोफा किनाऱ्यावर बसवल्या. समुद्रात शिरलेल्या सहलीच्या धक्क्यांचे मधले भाग तोडले, शत्रूला आयतं उतरता येऊ नये म्हणून. जुलैतच आयर्नसाइड यांच्या जागी ॲलन ब्रूक आले. त्यांचा भरवसा वेगाने हलणाऱ्या फौजेवर होता, तरी किनाऱ्यावरचं काम पुढेही चालू राहिलं.

रॉयल एअर फोर्सने युद्धकाळात आणि नंतर 1946 पासून देशभर फोटो घेतले. नंतरचे हे फोटो साधारण 1:10,000 प्रमाणाचे. कडेला क्रमांक असतो, उदाहरणार्थ 106जी/यूके, म्हणजे हवाई दलाच्या 106 क्रमांकाच्या ग्रुपचं उड्डाण. लागोपाठच्या दोन फोटोंत बराचसा भाग सामाईक असतो. ते स्टिरिओस्कोपखाली, म्हणजे दोन डोळ्यांना दोन वेगळे फोटो दाखवणाऱ्या भिंगांखाली, ठेवले की जमिनीचा उंचसखलपणा उठून दिसतो. तरी पिलबॉक्स सापडतो तो बहुधा सावलीमुळे. कुठे त्याला समुद्रकाठच्या लाकडी खोपट्याचं सोंग दिलेलं असे, पण तिथवर जाणारी पायवाट लपत नाही. काटेरी तार इतक्या उंचीवरून क्वचितच दिसते. तिच्या कडेने न तुडवलेल्या गवताचा पट्टा दिसतो. 1941 आणि 1946 चे फोटो शेजारी ठेवले की नळ्यांची लांबच लांब रांग एका फोटोत आहे, दुसऱ्यात नाही, हे लगेच कळतं.

एक गोष्ट मात्र कुणी उचलून नेली नाही. याच किनाऱ्यावरची मिन्समियरची दलदल पूर्वी पाणी उपसून शेतीखाली आणलेली होती. 1940 मध्ये तिथे मुद्दाम पाणी सोडलं, रणगाडे रुतावेत म्हणून. तिथे बोरू माजला आणि 1947 मध्ये ब्रिटनमधून जवळपास शतकभर नाहीसा झालेला ॲव्होसेट पक्षी घरटी करायला परतला. आता ते नामांकित पक्षी अभयारण्य आहे.

1995 ते 2002 या काळात 'डिफेन्स ऑफ ब्रिटन' प्रकल्पात स्वयंसेवकांनी देशभर पायी फिरून अशा अवशेषांच्या नोंदी केल्या. काम मोठंच, पण पायी फिरणाऱ्याला उरलेलंच सापडतं. हवाई फोटोंनाही मर्यादा आहेत: झाडीखालचे खंदक आणि जाळीने झाकलेल्या तोफा त्यांत सहसा येत नाहीत. त्यासाठी पुन्हा लष्करी कागदपत्रंच धुंडाळावी लागतात, आणि त्यांत ठरवलेलं किती अन् बांधलेलं किती, हा घोळ असतोच.