साथीच्या रोगांकडून जुनाट आजारांकडे

एखाद्या देशात आधी माणसं कॉलरा, देवी, मलेरिया, टीबी, जुलाब, बाळंतपण अशा कारणांनी मरत असतात आणि पुढच्या काही दशकांत हार्ट अटॅक, लकवा, शुगर, कॅन्सर, किडनी, फुफ्फुसाचे जुनाट आजार ही मरणाची मोठी कारणं होऊन बसतात, या बदलाला एपिडेमिऑलॉजिकल ट्रान्झिशन म्हणतात. 1971 मध्ये लोकसंख्या आणि आरोग्याचे अभ्यासक अब्देल ओमरान यांनी ही कल्पना नीट मांडली, त्यांनी तीन टप्पे सांगितले होते: साथी आणि दुष्काळांचा काळ, मग साथी ओसरण्याचा काळ, आणि मग शरीर झिजल्यामुळे आणि माणसाच्या स्वतःच्या करणीमुळे होणाऱ्या आजारांचा काळ. पुढे 1986 मध्ये ऑल्शान्स्की आणि ऑल्ट यांनी चौथा टप्पा जोडला, ज्यात हेच आजार राहतात पण ते म्हातारपणात जास्त उशिरा गाठतात.

युरोपला या वाटेवरून जायला शंभर वर्षांहून जास्त लागली. भारत, चीन, मेक्सिको, ब्राझील या देशांत तेच चाळीस-पन्नास वर्षांत घडलं, आणि सगळी अडचण या घाईत आहे, कारण पहिला पाहुणा घरातून निघायच्या आधीच दुसरा सामान घेऊन आला.

भारताचे आकडे बघा. स्वातंत्र्याच्या वेळी सरासरी आयुष्य जेमतेम 32 वर्षांच्या आसपास होतं, आज ते 70 च्या घरात आहे. देवीचा शेवटचा रुग्ण 1975 मध्ये, पोलिओचा 2011 मध्ये. आयसीएमआर (वैद्यकीय संशोधनाची केंद्र सरकारची संस्था) आणि इतर संस्थांनी 2017 मध्ये राज्यवार अहवाल काढला, त्यात 1990 साली एकूण आजारभारात (म्हणजे आजारपण आणि अकाली मरण यांत वाया गेलेल्या वर्षांत) संसर्गजन्य रोग, बाळंतपण, नवजात बाळांचे आजार आणि कुपोषण यांचा वाटा 61 टक्के होता तो 2016 मध्ये 33 वर आला, आणि असंसर्गजन्य, म्हणजे बीपी-शुगरसारख्या न लागणाऱ्या आजारांचा वाटा 30 वरून 55 टक्क्यांवर गेला. केरळ, गोवा, तमिळनाडू यात पुढे, बिहार, उत्तर प्रदेश मागे. पण हे आकडे वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवायची, की वाटा वाढला म्हणजे प्रत्येक वयात तो आजार तेवढ्याच पटीत वाढला असं नाही होत. लस, ओआरएस, अँटिबायोटिक, बऱ्यापैकी पाणी आणि अन्न यामुळे जी लेकरं पाच वर्षांच्या आत गेली असती ती आता साठीपर्यंत जगतात, आणि साठीत काहीतरी होणारच ना. तेवढा भाग तर आनंदाचाच आहे. काळजीचा भाग वेगळा आहे, आपल्याकडे हे आजार साठीची वाट बघत नाहीत, चाळिशीत पंचेचाळिशीतच गाठतात, कमावत्या माणसाला.

असं का, याचं एक उत्तर पुण्यातून आलं. डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या टीमने 1993 पासून गावातल्या गरोदर बायांचा आणि त्यांच्या लेकरांचा अभ्यास केला, त्यात दिसलं की आपली बाळं जन्मताना वजनाने कमी असतात, तरी त्यांच्या अंगात चरबीचं प्रमाण जास्त असतं. ब्रिटनमध्ये डॉक्टर-संशोधक डेव्हिड बार्कर हेच वेगळ्या बाजूने सांगत होते, की पोटात असताना उपाशी राहिलेलं शरीर पुढे भरपूर खायला मिळालं की शुगर आणि हृदयरोगाकडे लवकर जातं. म्हणजे आईची उपासमार आणि लेकराची शुगर या एकाच गोष्टीच्या दोन बाजू आहेत, आणि म्हणूनच ‘हे श्रीमंतांचे आजार’ हे बोलणं आता सोडून द्यायला पाहिजे. 2023 मध्ये आलेल्या आयसीएमआर-इंडियाब या मधुमेहाच्या देशव्यापी अभ्यासाने देशात 10 कोटींहून जास्त लोकांना मधुमेह असल्याचा अंदाज दिला.

याहून धक्कादायक गोष्ट आपल्या विदर्भातलीच आहे. गडचिरोली म्हटलं की आपण नागपूरवाले मलेरिया, कुपोषण, बालमृत्यू एवढंच डोक्यात ठेवतो, आणि ‘सर्च’ या तिथल्या डॉ. बंग दांपत्याच्या संस्थेने घरोघरी नवजात बाळाची काळजी घेऊन तिथले नवजात मृत्यू किती कमी केले ते जगाला माहीत आहे. पण त्याच ‘सर्च’च्या टीमने 86 गावांतले मृत्यू तपासले, 2015 मध्ये निष्कर्ष छापून आले, तर मरणाचं सगळ्यात मोठं कारण निघालं लकवा, दर सात मृत्यूंमागे साधारण एक. जंगलातल्या गावात, जिथे सीटी स्कॅन तर सोडाच, बीपी मोजायलाही कोणी नव्हतं.

नागपुरात हा बदल बघायचा असेल तर मेडिकलची ओपीडी बघा (शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, 1947 पासून, पण त्याला मेडिकलच म्हणतात), तिथे गोंदिया, चंद्रपूर, यवतमाळ, अगदी छिंदवाडा-बालाघाटहून लोक येतात. पावसाळ्यात डेंग्यू, मधूनच स्क्रब टायफस (बारीक किड्याच्या चाव्यातून येणारा ताप), वर्षभर टीबी, आणि त्याच रांगेत डायलिसिसवाले, अँजिओग्राफीवाले, तोंडाच्या कॅन्सरवाले. सिकलसेल हा रक्ताचा आजार तर साथीचे आणि जुनाट या दोन्ही खात्यांत बसत नाही, ते जन्मजात आहे आणि विदर्भात भरपूर आहे.

तोंडाच्या कॅन्सरवर थोडं थांबायला पाहिजे, कारण तो इथला घरचा प्रश्न आहे. खर्रा म्हणजे सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीवर घोटून दिलेला माल, प्रत्येक पानठेल्यावर मिळतो. सुपारी एकटीच कॅन्सर करू शकते, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने मान्य केलेलं आहे, म्हणजे ‘तंबाखू कमी टाक’ म्हणून काही सुटत नाही. आधी तोंड कमी उघडायला लागतं, तिखट झोंबतं, मग चट्टे. महाराष्ट्रात 2012 मध्ये गुटखाबंदी आली, पाकिटावर बंदी घालता येते हो, पण ठेल्यावर समोर घोटून दिलेल्याचं काय करणार? जंतू नाही, डास नाही, तरी हा आजार माणसाकडून माणसाकडे जातो, बापाकडून पोराकडे, दोस्ताकडून दोस्ताकडे.

तसंही दोन्ही खात्यांमधली भिंत कच्चीच आहे. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमागे एचपीव्ही विषाणू असतो, लिव्हरच्या कॅन्सरमागे बऱ्याचदा हिपॅटायटिस बी, लहानपणीच्या घशाच्या संसर्गातून हृदयाच्या झडपा खराब होतात. आणि शुगर असलेल्याला टीबी होण्याची शक्यता दोन-तीन पट जास्त, त्यामुळे टीबीच्या रुग्णाची शुगर तपासायची असा नियम आहे.

आरोग्ययंत्रणेची खरी परीक्षा पुढे आहे. आपले दवाखाने बांधले गेले ते थोड्या दिवसांच्या आजारासाठी: ताप आला, गोळी घेतली, बरा झाला, घरी गेला. बीपी-शुगरमध्ये ‘बरा झाला’ हा दिवस येतच नाही. माणसाला काही दुखत नसतं, मग तो म्हणतो, ‘काही होऊन नाही राहिलं ना मले, मंग गोळी कशाले?’ आणि दर महिन्याला एक दिवसाची मजुरी बुडवून रांगेत उभं राहायचं, वरून औषध बाहेरून आणायचं, तर त्याचं चुकतं तरी काय? केंद्र सरकारने 2010 मध्ये असंसर्गजन्य आजारांसाठी राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला, आता तिशीच्या वरच्या सगळ्यांची तपासणी करायची असं धोरण आहे, आशाताई घरोघरी फॉर्म भरतात. तपासणी होते, पण आजार सापडलेल्या माणसाला सहा महिन्यांनी कोणी विचारतं का, तिथे गाडी अडते. 2017 च्या शेवटी सुरू झालेल्या उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात पहिल्या जिल्ह्यांत भंडारा आणि वर्धा होते, त्यात केलं ते अगदी साधं: ठरलेली दोन-तीनच औषधं, महिनाभराच्या गोळ्या एकदम, प्रत्येकाचं कार्ड, आणि जो आला नाही त्याला फोन.