त्वचावर्णाची जाण, बालकांमधील

माणसांच्या कातडीच्या रंगातला फरक लहान मुलांना दिसणे, त्याला शब्द मिळणे आणि पुढे त्या शब्दाला बरेवाईटपण चिकटणे, ही प्रक्रिया. फरक दिसू लागतो तो बोलण्याच्या बराच आधी. नवजात अर्भक कोणत्याच वंशाच्या चेहऱ्याकडे विशेष झुकत नाही. ३ महिन्यांच्या सुमारास ते सवयीच्या वर्णाचा चेहरा अधिक वेळ न्याहाळते. दोन वेगळ्या वर्णांची माणसे रोज पाहणाऱ्या अर्भकांत हा कल आढळला नाही. त्यामुळे तो उपजत नसून परिचयाचा, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

बरेवाईटपण कधी चिकटते, यावर वाद आहे. केनेथ व मेमी क्लार्क या अमेरिकन दांपत्याने ३ ते ७ वर्षांच्या २५३ कृष्णवर्णीय मुलांपुढे रंग सोडून सर्व बाबतींत सारख्या ४ बाहुल्या ठेवल्या (निष्कर्ष १९४७). ‘खेळायला आवडेल ती दे’, ‘वाईट दिसते ती दे’ हे आधी आणि ‘तुझ्यासारखी दिसते ती दे’ हे शेवटी विचारले. खेळायला सुमारे दोन-तृतीयांश मुलांनी गोरी बाहुली निवडली. हा आत्मतिरस्कार मानला गेला. मानसशास्त्रज्ञ विल्यम क्रॉस यांनी मात्र गटाविषयीची पसंती व स्वतःविषयीचा आदर या वेगळ्या गोष्टी असल्याचे दाखवले. ही मांडणी अधिक सावध आहे.

ही चाचणी अमेरिकेतली; गोव्याला ती जशीच्या तशी लागू पडत नाही. इथे फरक घरातच असतो, तोही पायरीपायरीने: गोरा, निमगोरा, गव्हाळ, सावळा, काळासावळा, काळा. मराठी घरातले मूल अंगणात ‘गोरो’, ‘काळो’ ही कोंकणी रूपेही ऐकते. पाठच्या भावंडाला साय-बेसन चोळताना ‘उजळेल हो’ असे कानी पडले की उजळणे म्हणजे सुधारणे, हे न शिकवता कळते. सावळा विठोबा लाडका आणि सावळी बहीण ‘काळी’, ही विसंगती मुले थेट विचारतात.

‘घासलं तर जाईल?’ हा प्रश्न ४-५ वर्षांच्या मुलाचा अगदी स्वाभाविक. पायाची तांबडी माती धुतल्यावर जाते, होडीवर जाणाऱ्या बापाचे हात पाठीहून काळे होतात. त्यावरून रंग बदलतो हा त्याचा तर्क अर्धा खरा आहे. उन्हाने मेलॅनिन (कातडीला रंग देणारे द्रव्य) वाढते, मूळ छटा आईबापांकडून येते, एवढे सांगणे पुरते. ‘श्श, असं बोलू नये’ म्हटल्यास मूल फरक विसरत नाही. तो लाजिरवाणा आहे असे समजते.

बालवाडीत ‘स्किन कलर’ म्हणून फिकट गुलाबी खडू एकटाच देऊ नये. जलरंगात तपकिरीत पांढरा, पिवळा व किंचित तांबडा मिसळून मनगटाशेजारी धरून जुळवतात. गडद छटेसाठी काळा घातला की रंग राखेसारखा मरतो; तिथे तपकिरी वाढवून निळ्याचा एखादा थेंब टाकावा.