चोळल्यावर बरं का वाटतं?

कोपर दाराच्या कडेवर आपटलं की दुसरा हात आपोआप तिथे जातो आणि चोळायला लागतो. हे कोणी शिकवलेलं नसतं. चोळल्याने मार बरा होत नाही, पण कळ कमी होते, हा अनुभव प्रत्येकाचा आहे. मालिश समजून घ्यायची तर या साध्या हालचालीपासून सुरुवात करावी असं मला वाटतं.

१९६५ मध्ये रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल या दोन शास्त्रज्ञांनी चोळल्याने कळ का कमी होते याचं एक स्पष्टीकरण मांडलं. स्पर्श आणि दाब यांचे संदेश जाड चेतातंतूंमधून वेगाने धावतात, दुखण्याचे बरेचसे संदेश बारीक तंतूंमधून सावकाश येतात. दोन्ही मज्जारज्जूत येऊन पोचतात आणि तिथे जणू एक दार असतं. स्पर्शाच्या संदेशांची रीघ लागली की दुखण्यासाठी ते दार ओढून घेतलं जातं. या सिद्धांतातले तपशील पुढे बदलले, पण मज्जारज्जूतच वेदनेला आवर घातला जाऊ शकतो ही त्यातली मूळ कल्पना टिकली.

त्याहून मला जास्त नवल वाटतं ते दुसऱ्या एका प्रकारच्या तंतूंचं. त्वचेच्या केसाळ भागात अगदी बारीक चेतातंतू असतात. त्यांतून संदेश सेकंदाला जेमतेम एक मीटर इतक्या संथपणे जातो. हे तंतू सगळ्यात जास्त जागे होतात ते सेकंदाला १ ते १० सेंटिमीटर वेगाने फिरणाऱ्या हलक्या, उबदार स्पर्शाने. जवळच्या माणसाला तुमच्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत पाचेक सेकंद घेऊन हात फिरवायला सांगा आणि मग तेवढंच अंतर झटकन. फरक लगेच कळतो. एका रुग्णाच्या शरीरातले स्पर्श ओळखणारे जाड तंतू आजाराने निकामी झाले होते. तिच्या हातावरून मऊ ब्रश फिरवला, तर नेमका काय स्पर्श आहे ते तिला धड सांगता येईना, पण काहीतरी पुसटसं, सुखद जाणवत होतं. हा अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणजे स्पर्शातली माहिती आणि स्पर्शातलं सुख यांच्या वाटा बऱ्याच अंशी वेगळ्या आहेत.

हे कळल्यावर चरकसंहितेतला अभ्यंगाचा, म्हणजे अंगाला तेल चोळण्याचा भाग मी पुन्हा वाचला आणि थांबलोच. तेल लावलेली घागर, चामडं आणि गाडीचा आस जसे टिकाऊ होतात तसं शरीर होतं, ही उपमा बऱ्याच जणांना माहीत असते. तिच्या पुढचाच श्लोक मात्र स्पर्शेंद्रियाबद्दल बोलतो: स्पर्शेंद्रियात वायू अधिक, स्पर्शेंद्रिय त्वचेच्या आश्रयाने राहतं आणि त्वचेला अभ्यंग परम हितकर, म्हणून तो नेहमी करावा. वायूची परिभाषा आज आपण शरीरशास्त्रात वापरत नाही. तरीही स्नायूंच्या आधी स्पर्शाकडे बोट दाखवणारी ती नजर पक्की होती.

ग्रीसमध्ये हिपोक्रेटिसच्या परंपरेतल्या वैद्यकग्रंथांत, वैद्याला चोळण्याची कला अवगत हवी असं बजावलं आहे. सैल सांधा चोळून घट्ट करता येतो आणि आखडलेला मोकळा, असं निरीक्षणही तिथे आहे. चीनमध्ये तांग राजवटीत मालिश हा दरबारी वैद्यकाचा रीतसर विभाग होता. आज जिला ‘स्वीडिश मसाज’ म्हणतात तिच्याशी पेर लिंग या स्वीडिश व्यायामतज्ज्ञाचं नाव जोडलं जातं. पण लांब हात फिरवणं, मळणं, घासणं, थोपटणं या प्रकारांची रूढ फ्रेंच नावं सहसा योहान मेट्झगर या डच डॉक्टरच्या खात्यावर मांडली जातात. १८९४ मध्ये इंग्लंडमध्ये चार परिचारिकांनी प्रशिक्षित मालिशकर्मींची संस्था काढली, कारण मालिशच्या नावाखाली चालणाऱ्या भलत्या धंद्यांमुळे त्यांचं काम बदनाम होत होतं. त्या संस्थेतूनच पुढे ब्रिटनमधल्या फिजिओथेरपिस्टांची अधिकृत संघटना उभी राहिली.

आता फायद्यांकडे येऊ. ‘मालिश केली की लॅक्टिक ॲसिड निघून जातं’ हे वाक्य तुम्ही ऐकलं असेलच. २०१२ मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी ११ तरुणांना थकून जाईपर्यंत सायकल चालवायला लावली, मग प्रत्येकाच्या एकाच पायाला दहा मिनिटं मालिश केली आणि दोन्ही मांड्यांमधले स्नायूंचे बारीक तुकडे तपासले. लॅक्टेटमध्ये, म्हणजे त्या लॅक्टिक ॲसिडच्याच रूपात, फरक नव्हता. मालिश केलेल्या पायात मात्र दाह वाढवणारे संकेत कमी झाले होते आणि पेशींना ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकाँड्रियांच्या वाढीशी जोडलेले संकेत वाढले होते. प्रयोग लहान आहे, त्यावर इमला रचू नये. ‘विषारी द्रव्यं बाहेर पडतात’ या दाव्याला तर आधारच नाही. ते काम यकृत आणि मूत्रपिंडं करतात.

सगळ्यात हृद्य पुरावा आहे तो मुदतीआधी जन्मलेल्या बाळांचा. १९८६ मध्ये टिफनी फील्ड या संशोधिकेच्या गटाने प्रकृती स्थिर असलेल्या अशा बाळांना दिवसातून तीनदा, १५-१५ मिनिटं मालिश दिली. दहा दिवस. या बाळांचं वजन इतरांपेक्षा रोज ४७ टक्के जास्त वाढलं, आणि दूध तर दोन्ही गटांनी सारखंच घेतलं होतं. पुढच्या अभ्यासांत असं दिसलं की नुसतं हलकं कुरवाळून भागत नाही, मध्यम दाब लागतो. त्या दाबाने व्हेगस या चेतेचं काम वाढतं आणि जठराची हालचाल सुधारते, असं संशोधक सांगतात.

मोठ्यांच्या जुन्या कंबरदुखीवर २०११ मध्ये अमेरिकेत ४०१ जणांची चाचणी झाली. दहा आठवडे मालिश घेणाऱ्यांना नेहमीच्या उपचारांपेक्षा बराच आराम पडला. नेमके स्नायू शोधून केलेली मालिश आणि साधी सैलावणारी मालिश, दोन्ही जवळपास सारख्याच उपयोगी ठरल्या. वर्षभराने मात्र फायदा ओसरत आला होता. चिंता आणि उदासी कमी होते असंही अनेक चाचण्यांत दिसतं. त्याचं श्रेय कॉर्टिसॉल हे ताणाशी जोडलेलं संप्रेरक घटण्याला देतात ते जपून घ्यावं. २०११ मध्येच झालेल्या एकत्रित विश्लेषणात कॉर्टिसॉलवरचा परिणाम नगण्य निघाला.

ताप असताना, हाड मोडलेलं असताना, हाडं ठिसूळ झालेली असताना किंवा रक्त पातळ करणारी औषधं चालू असताना जोरकस मालिश नको. आणि एकाच पायाची पोटरी अचानक सुजली, गरम लागली, दुखू लागली, तर ती अजिबात चोळू नये. आत रक्ताची गुठळी असू शकते आणि ती सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेतू शकतं. अशा वेळी आपोआप पुढे आलेला हात आवरायचा आणि तडक डॉक्टरकडे जायचं.